उतारावरचा पिवळा

१४ नोव्हेंबर

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. पन्नाशी उलटली तरी मी तुला टिल्लूच म्हणणार, त्याला इलाज नाही. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतोस आणि मी चिडते. कागदावर निदान माझं बोलणं पुरं तरी होतं.

आपल्या पुलाच्या चौकात लाल तोडणाऱ्यांचा फोटो काढणारा कॅमेरा बसला. खांबावर राखाडी पेटी आहे, पक्ष्यांसाठी कुणी हौसेने घरटं टांगावं तशी दिसते. सकाळी नदीवरून धुकं येतं तेव्हा ती पेटी, खांब, दिवे सगळं विरघळतं आणि हवेत नुसते तीन रंग आळीपाळीने उमलतात. मी ड्रायव्हिंग शाळेची गाडी कडेला लावून पाहत बसते. शिकायला आलेली मुलगी विचारते, "बाई, निघायचं ना?" मी म्हणते, "थांब जरा, दिसू दे."

पण गावात मात्र रणधुमाळी. पेटी ठेवायची की काढायची, यावर पालिकेच्या सभेत दोन तट पडले. आपला न्हावी पहिल्या रांगेतून उठून म्हणाला, "माणूस चुकला तर चौकातल्या पोलिसाला सांगता येतं, बायको दवाखान्यात आहे हो, घाई झाली. या पेटीला काय सांगायचं?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी उठले. याच चौकात गाडीखाली गेलेल्या गणिताच्या बाईंचं बोलले. पादचाऱ्यांचा हिरवा होता, हातात वह्यांचा गठ्ठा होता, आणि ज्याने लाल तोडला त्याला गाडी मी शिकवली होती. अकरा वर्षांत हे वाक्य मी चारचौघांत कधी उच्चारलं नव्हतं. म्हटलं, "त्या दिवशी ही पेटी असती तर कदाचित त्याचा पाय थबकला असता. मला तेवढं 'कदाचित' पुरतं." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण हात वर करायची वेळ आली तेव्हा आमचे हात जास्त होते.

तू सिग्नलच्या खात्यातला माणूस. तुला काय वाटतं ते लिही. वहिनीला सांग, तिची लोकर मिळाली.

तुझी
ताई


२७ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. तुझं पत्र खिशात घालून दोन आठवडे फिरतोय. सभेत बोललीस ते वाचून ऊर भरून आला. मी तिथे असतो तर एकट्याने टाळ्या वाजवल्या असत्या.

आमच्या कंट्रोल रूमच्या भिंतीवर बावीस गावांचा नकाशा आहे. प्रत्येक सिग्नलला हरभऱ्याएवढा दिवा. तुझा चौक खाली उजव्या कोपऱ्यात. सकाळच्या पाळीला सगळ्यांच्या आधी येऊन मी चहा घेऊन त्या भिंतीसमोर बसतो. बाहेर अजून उजाडायचं असतं आणि भिंतीवर बावीस गावं श्वास घेत असतात. हिरवं, पिवळं, लाल. तुझा दिवा हिरवा झाला की वाटतं, आता ताईची गाडी निघाली असेल, शेजारी कुणीतरी घाबरट असेल, आणि ताई सांगत असेल, स्टिअरिंग असं आवळू नकोस, ते पळून जात नाही.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत तुझंच. एक सांगू? हल्ली मुलांना शिकवताना पिवळ्याच्या बाबतीत जरा जास्तच सावध राहायला सांग. पुलावरून उतरताना पाय आधीच उचलायला लाव. काही विशेष नाही, थंडीत रस्ते ओले असतात म्हणून म्हणतो.

तुझी वहिनी नमस्कार सांगते.

तुझा
टिल्लू


१९ जानेवारी

प्रिय टिल्लू,

तुझ्या सूचनेवर मी हसले होते. आजीला अंगाई शिकवतोस, म्हटलं. तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलेय की हिरव्याकडे नुसतं पाहू नका, तो किती वेळचा आहे ते पाहा. बराच वेळ हिरवा असला तर तो पिकलाय समजा, आता पिवळा होणार, पाय हलका करा. मुलं परीक्षेला गेली तरी 'बाई, हिरवा पिकला' म्हणून हसतात.

आता मीच हसं झालेय. शाळेच्या नावाने नोटीस आली. सोबत फोटो. माझी गाडी, टपावर शाळेची पाटी, आणि समोर ठसठशीत लाल. तारीख ९ जानेवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटं.

गाडी परिचारिका चालवत होती. ती माझी या वर्षीची सर्वांत गुणी विद्यार्थिनी. दवाखान्यातली पाळी संपवून तशीच येते, डोळे तांबारलेले, पण हात स्थिर. आम्ही पुलावरून उतरत होतो. धुक्यात पिवळा फुलला. तिने विचारलं, "बाई, थांबू?" माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, पाय त्यावरच होता. मी आरशात पाहिलं. दुधाचा टेम्पो अगदी पाठीला चिकटून होता. म्हटलं, "जा." आणि गेलो. लाल कधी झाला मला कळलंच नाही, टिल्लू. माझ्या हिशेबाने आम्ही पिवळ्यात पार होत होतो.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून आलं, कॅमेरावाल्या बाईच कॅमेऱ्यात. न्हाव्याने ते कात्रण दुकानाच्या आरशाला लावलं होतं. मी गेले तेव्हा त्याने ते घाईने काढलं, आणि ते मला जास्त लागलं.

परिचारिका म्हणते, "बाई, तुम्ही काही चूक केली नाही." तिला काय माहीत? तिला मीच शिकवलंय.

एक विचारते, खरं सांग. तीस वर्षांचा पाय असा चुकतो का?

ताई


२५ जानेवारी

ताई,

एका फोटोने काय होतं? मनाला लावून घेऊ नकोस. चार दिवसांत लोक विसरतील.

धुकं होतं, टेम्पो होता, असं होऊन जातं. तरी एकदा डोळे तपासून घे. साठीनंतर रंग आणि अंतर जरा फसवतात म्हणे. चष्म्याचा नंबर बदलला असेल.

इथे कामाची गर्दी आहे. साहेब रजेवर असल्याने माझ्यावरच सगळं आहे. सविस्तर नंतर लिहितो.

टिल्लू


२० फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

डोळे तपासले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या वयाच्या माणसांत असे डोळे मी महिन्यातून एखादेच पाहते." म्हणजे डोळे शाबूत आहेत. मग बिघडलं ते आतलं काहीतरी.

शाळा बंद ठेवलीय. दारावर 'काही दिवस वर्ग नाहीत' एवढंच लिहिलंय. गाडी अंगणात उभी आहे, टपावरच्या पाटीवर रोज पानं साचतात, मी ती झाडत नाही. परिचारिका दोनदा येऊन गेली. तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मी आतून सांगितलं, "दुसरी शाळा बघ." ती दाराबाहेर बराच वेळ उभी होती. तिच्या चपलांचा आवाज मला येत होता.

दुपारी डोळा लागला की एकच स्वप्न पडतं. मी पुलावरून उतरतेय, गाडीला आवाज नाही, चाकं जमिनीला लागत नाहीत. खाली चौकात सगळं पिवळं झालंय. रस्ता, झाडं, दुकानांच्या काचा, मधासारखा दाट पिवळा उजेड. गणिताच्या बाई रस्ता ओलांडताहेत. घाई नाही त्यांना, वह्या मोजत चालल्यात. मी ब्रेक दाबते. पाय खाली जातो, जातच राहतो, खाली गाडीचा तळच नसतो. बाई वर पाहून म्हणतात, "वेळ कमी पडला का गं?" आणि मी जागी होते.

आता तर मला शंका येते, टेम्पो तरी खरंच होता का? की तो मी नंतर आरशात उभा केला? आणि दुसरी शंका याहून वाईट. अकरा वर्षांपूर्वी त्या मुलालाही मी असंच काही चुकीचं शिकवलं असेल. दोष त्याचा नव्हताच कदाचित.

तू नंतर लिहितो म्हणालास, महिना होत आला. समजले मी. सिग्नलच्या खात्यात आहेस, आणि बहीण लाल तोडून पेपरात आली. ऑफिसात तोंड दाखवायला लाज वाटत असेल. मी रागावले नाही. पण सांगून तरी टाकायचं होतंस.

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

लाज वाटते. पण तुझी नाही. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय, आधीची दोन फाडली.

टेम्पो होता, कॅमेऱ्याच्या मूळ फोटोत तो मी पाहिला. तुझा पाय चुकलेला नाही. डोळे चांगले आहेत हे मला ते तपासायला सांगतानाच माहीत होतं, आणि तरी मी तुला डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. ताई, आयुष्यात केलेली ही माझी सर्वांत हलकी गोष्ट.

तुझ्या चौकातला पिवळा पूर्वी चार सेकंदांचा होता. वीस नोव्हेंबरला तो तीनचा झाला. तुझ्याच चौकात नाही, कॅमेरे बसलेल्या सगळ्या ठिकाणी. साहेब म्हणाले, "मुख्य रस्त्यावर रांगा लागतात, तो सेकंद हिरव्याला द्या. आणि कॅमेऱ्यांचं कामही जरा अहवालात दिसू द्या." मी म्हणालो, "साहेब, पुलाच्या चौकात उतार आहे, तिथे तीन पुरणार नाहीत." ते म्हणाले, "लोक जरा जपून चालवतील, चांगलंच आहे की." हसून म्हणाले, चहाचा कप माझ्याकडे सरकवत. मी आकडा बदलला आणि सही केली. तुझं पत्र तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात होतं, वरच्या.

उताराचं गणित सोपं आहे. पिवळा लागताना गाडी एका ठरावीक पट्ट्यात असेल तर तीन सेकंदांत तिला धड थांबताही येत नाही आणि धड पारही होता येत नाही. थांबलं तर मागचा येऊन आदळतो, गेलं तर लाल. तू नऊ जानेवारीला त्या पट्ट्यात होतीस. तिथे जगातला कुठलाही चांगला ड्रायव्हर असता तरी फोटो निघालाच असता. चार सेकंद असते तर तुम्ही दोघी पिवळ्यातच पार झाल्या असतात. तुझा पाय अजून जुना चौक ओळखतो, एवढंच झालं.

मी रोज सकाळी भिंतीवरचा तुझा दिवा पाहतो. पूर्वी तो पिवळा व्हायचा तेव्हा मला फूल आठवायचं. आता तो इतका पटकन विझतो की मी मान फिरवतो.

निवृत्तीला तीन वर्षं आहेत. तुझ्या वहिनीला अजून सांगितलेलं नाही. तू म्हणशील ते करीन.

टिल्लू


१ मार्च

टिल्लू,

तुझं पत्र वाचून अंगणात गेले, गाडीत बसले, आणि दोन्ही काचा वर करून मोठ्याने रडले. आधी सुटल्यासारखं वाटलं, ते लपवत नाही. मग इतका संताप आला की सांगता येत नाही.

माझ्यासाठी नाही. माझं हसं झालं, होऊ दे. तू लिहितोस, थांबलं तर मागचा आदळतो. कुणी आदळलं का? तुझ्या भिंतीवर ते दिसतं का? जा आणि नोंदी काढ. मला वहिनीची खुशाली नको, तो आकडा हवा.

तू कधी चाकामागे बसला नाहीस, टिल्लू. मी गावाला गाडी शिकवली आणि घरातल्या माणसाला शिकवू शकले नाही, कारण तू म्हणालास, ताई, मला भीती वाटते. ठीक, वाटू दे. पण ज्याला भीती वाटते त्याला तरी कळायला हवं होतं की एक सेकंद म्हणजे काय. तुला तो कागदावरचा एक वाटला. माझ्याकडे येणारं पोर त्या एका सेकंदात आरसा पाहतं, पाय हलवतं, आणि कुणाचं तरी आयुष्य राखतं.

मी म्हणेन ते करशील? एकवीस मार्चला पालिकेची सभा आहे. कॅमेरा काढायची मागणी परत आलीय. ये, आणि उभा राहून सांग. माझं नाव घेऊ नकोस, माझा फोटो माफ करा म्हणू नकोस. फक्त काय झालं ते सांग.

वहिनीला आधी सांग. तिला सभेत कळता कामा नये.

ताई


९ एप्रिल

ताई,

सभेच्या दिवशी तू मागच्या रांगेत बसलीस आणि संपल्यावर न भेटता निघून गेलीस. म्हणून लिहितोय.

नोंदी तुला सभेतच कळल्या. चार महिन्यांत त्या उतारावर पाच गाड्या मागून आदळल्या. पूर्वीच्या दोन वर्षांत एक. त्यातल्या एका बाईंच्या मानेला अजून पट्टा आहे. मी त्यांना शोधून भेटून आलो. त्या म्हणाल्या, "मी तर स्वतःलाच दोष देत होते, उगाच ब्रेक मारला म्हणून." ताई, त्या अगदी तुझ्यासारखं बोलत होत्या.

सभेत उभा राहिलो. दुपारचं ऊन उंच खिडक्यांतून तिरकं येत होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि मला सगळ्यांचे चेहरे पाण्याखालून पाहिल्यासारखे दिसत होते. माझाच आवाज मला लांबून ऐकू येत होता. न्हावी उठला. "म्हणजे तुमची पेटी खोटं बोलली?" मी म्हणालो, "पेटीने खरं तेच दाखवलं. लबाडी आम्ही केली, तिच्या आधी." मग एकच गिल्ला. काढून टाका, फोडून टाका. मला वाटलं, संपलं, आता कॅमेराही जाणार आणि गणिताच्या बाईही.

तेव्हा तू उठलीस. "कॅमेरा राहू द्या. आमचा सेकंद परत द्या." एवढंच म्हणालीस आणि खाली बसलीस. 

पुढचं तुला पेपरात कळलं असेल. तुझ्या उतारावर साडेचार, बाकी ठिकाणी पुन्हा चार. वीस नोव्हेंबरपासूनच्या नोटिसा मागे घेतल्या. प्रत्येक खांबावर पिवळा किती सेकंदांचा हे लिहिलेली पाटी लागणार, म्हणजे उद्या कुणी गुपचूप बदलला तर घड्याळ असलेल्या कुणालाही पकडता येईल. ती कल्पना न्हाव्याची. कॅमेरा त्याला अजूनही आवडत नाही.

साहेबांची चौकशी चालू आहे. माझीही. तोवर मला जुन्या दिव्यांच्या गोदामात बसवलंय. फुटक्या काचा, गंजलेले खांब, फळ्यांवर रांगेने रंगीत भिंगं. उन्हाचा कवडसा आला की फरशीवर लाल-हिरवे ठिपके पडतात आणि दिवसभर सरकत राहतात. तुझी वहिनी म्हणाली, "जेवायचा डबा तेवढाच लागतो ना? मग झालं." आणि त्या दिवशी डब्यात जास्तच भरलं.

एक मागायचंय. नाही म्हणालीस तरी चालेल. मला गाडी शिकव. भीती अजून वाटते.

टिल्लू


५ मे

प्रिय टिल्लू,

तू आत्ताच बसने गेलास. स्टँडवर उभं राहून हे बोलता आलं असतं, पण तुझ्या चेहऱ्याकडे पाहून बोलता येईना. म्हणून घरी येऊन, चप्पलही न काढता लिहायला बसले.

आज तुझा चौथा धडा. स्टिअरिंग तू असं धरतोस की जणू उकळतं भांडं उचललंय. गिअर बदलताना जीभ बाहेर येते. परिचारिका मागे बसून हसू दाबत होती. मी शाळा पुन्हा उघडल्यावर पहिली तीच परत आली, आणि लायसन्स मिळाल्यापासून तिला वाटतं ती जन्मतःच ड्रायव्हर आहे.

बाजाराच्या चौकात आपण लालला थांबलो होतो. समोरून म्हातारा-म्हातारी रस्ता ओलांडत होते. एकमेकांचा हात धरून, झोपेत चालल्यासारखे, मधेच थांबून आजोबा काहीतरी सांगत होते आणि आजी मान हलवत होत्या. ते अर्ध्यावर असतानाच आपला हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. मी तुला सांगणार होते, थांब. तोंड उघडलंही होतं.

पण तू हललाच नव्हतास. हात मांडीवर ठेवून तू त्यांच्याकडे पाहत होतास. हिरवा होता, मागे लोक ओरडत होते, आणि तुझ्या चेहऱ्यावर घाईचा मागमूस नव्हता. आजी पदपथावर चढल्या, त्यांनी आजोबांना वर घेतलं, वळून आपल्याकडे पाहिलं. मग तू गिअर टाकलास. जीभ बाहेर काढूनच.

फेब्रुवारीपासून माझ्या मनात तुझ्याबद्दल एक गाठ होती. सभेनंतरही सुटली नव्हती. तू शिकायला येत होतास, मी शिकवत होते, जेवू घालत होते, पण ती होतीच. आज ती सुटली. तुला कळलंही नसेल. तू विचारत होतास, "ताई, क्लच बरोबर सोडला ना?" आणि मी खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "बरा सोडलास."

चांगला सोडला होतास.

पुढच्या रविवारी पहिली बस पकड. चढावर गाडी उभी करून, मागे न घसरता पुढे काढायची आहे. तिथे भलेभले रडतात.

तुझी
ताई